वहिनीच्या रक्तातली खोट

आमच्या घरात रक्त हा शब्द कोणी उच्चारत नसे. आई ‘ते’ म्हणायची आणि दादाला त्यातलं काही ऐकूच येत नसे. बी.एस्सी. करून, वर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा घेऊन मी भाईंदर पश्चिमेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले, तेव्हा आईने शेजारणीला सांगितलं, "कॉम्प्युटरवर काम करते." कामावरून आले की ती मला आधी बाथरूमकडे बोट दाखवायची. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी हाताळून आलेली पोरगी. आमच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. पण आईला त्यात सांगण्यासारखं काही दिसत नव्हतं, तिला फक्त वास यायचा.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंदर पूर्वेला वन रूम किचनमध्ये आई, दादा, मी, आणि दादाचं लग्न झाल्यावर वहिनी. बाबा गेल्यापासून घर आईच्या शब्दावर चालायचं. वहिनीचं माहेर हाटकेशला, रिक्षाने गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं इतकं जवळ. तिचे वडील स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायच्या गाळ्यात कामाला. वहिनी बारावी झालेली, मोठ्याने हसणारी. आईला ते हसणं आवडत नसे. मला आवडायचं.

दादाने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात जाहीर केलं, की मोठी जागा घेतल्याशिवाय मूल नको. जाहीर त्याने केलं, गोळी गिळायची वहिनीने. पाकीट आणायलाही तीच मेडिकलवर जायची. दादा बाहेर मोबाईलमध्ये तोंड घालून उभा.

गोळ्या सुरू करण्याआधी आईने खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारलं होतं, "यांनी काय होत नाही ना?" डॉक्टरने म्हटलं, खात्रीसाठी रक्त तपासून घेऊ, आणि आमच्याच लॅबच्या कागदावर लिहून दिलं, बीटी सीटी. म्हणजे बोट टोचून रक्त किती वेळात थांबतं ते टिपकागदावर बघायचं, आणि काचेच्या बारीक नळीत किती वेळात गोठतं ते बघायचं. टॉन्सिलच्या ऑपरेशनआधीही हेच करतात. शिरेच्या आत, नको तिथे गुठळी होईल का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. मी डॉक्टरला तसं बोलले. तो हसला. "मॅडम, पेशंटला समाधान पाहिजे असतं. रिपोर्ट नॉर्मल आला की ते शांत झोपतात."

आमच्या लॅबचा मालक तर त्याच्याही पुढचा. त्याने याच टेस्टला हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी जोडून ‘लेडीज पॅकेज’ काढलं होतं आणि दारावर गुलाबी अक्षरांत बोर्ड लावला होता. गोळी घेणाऱ्या बायका यायच्या, बोट पुढे करायच्या, नॉर्मल घेऊन जायच्या. मी त्या बोर्डाकडे न बघता आत शिरायचे.

वहिनीचा रिपोर्टही नॉर्मल आला. आईने तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवला.

पुढच्या वर्षी आमच्याकडे गौर पूर्वा नक्षत्रात येणार होती. आमच्या भागात नव्या सुनेचा पहिला ओवसा अशाच वर्षी करतात. सुपं सजवायची, त्यात फळं, पानं, काकड्या ठेवायच्या, नव्या सुनेने ती गौरीपुढे ओवाळायची, मग मोठ्यांना सुपं देऊन पाया पडायचं. पूर्वा गौर दर वर्षी येत नाही. ती चुकली तर सून ताटकळत बसते आणि गावातल्या बायका विचारत राहतात, "तुमच्या सुनेचा ओवसा झाला नाय अजून?" आईला हा प्रश्न विंचवासारखा वाटायचा. त्यातून वहिनीची तारीख नेमकी गौरीवर येत होती.

आईने उपाय शोधला. खरं तर तो सगळ्या बिल्डिंगला माहीत होता. पाकिटातल्या शेवटच्या तपकिरी, नुसत्या लोहाच्या गोळ्या टाकून द्यायच्या आणि लगेच नवं पाकीट फोडायचं. पाळी येतच नाही. श्रावणात सत्यनारायण होता म्हणून वहिनीने तसं केलं. मग मंगळागौर होती म्हणून केलं. मग गणपती. तिने एकदा मला किचनमध्ये हळूच विचारलं, "ताई, एवढं लांबवलं तर चालतं का हो?"

मी म्हटलं, "डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. तुझा पाय दुखतोय म्हणत होतीस ना?"

आई बाहेरून बोलली, "पाय कोणाचा दुखत नाय गो? तुझं शिक्षण लॅबमध्ये ठेव. देवाच्या कामात आणू नको."

देवाचं काम. बाईच्या अंगातून जे येतं त्याची एवढी किळस, की ते थोपवायला तिच्या अंगात रोज औषध घालायचं, आणि त्याला म्हणायचं देवाचं काम. मी त्या दिवशी जेवले नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ओवसा झाला. झकास झाला. वहिनी हिरव्या शालूत सुंदर दिसत होती आणि जरा लंगडत होती. गावच्या काकींनी विचारलं तर आई म्हणाली, नवीन चपला चावल्या. परतीच्या एसटीत वहिनी खिडकीशी बसून होती, पायाशी नारळांचं पोतं, पाय हलवायला जागा नाही. भाईंदरला उतरलो तेव्हा तिचा डावा पाय उजव्याच्या दीडपट झाला होता. पोटरी गरम, कातडी ताणून चकचकीत. बोटाने दाबलं की खड्डा राहत होता.

दादा म्हणाला, "प्रवासाने सुजलाय. शेकून घे."

मी तिला रिक्षात घातलं आणि मीरा रोडच्या हॉस्पिटलात नेलं. डॉपलर सोनोग्राफी केली, पडद्यावर पोटरीपासून मांडीपर्यंत शीर भरलेली दिसली. गुठळी. तिथून तुकडा सुटून फुप्फुसात गेला असता तर वहिनी संपली असती. पोटात इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्यांचं पाकीट बंद झालं. वहिनी मात्र मला म्हणते कशी, "ताई, ओवसा तरी झाला ना." मला तिला एक चापटी मारावीशी वाटली आणि मिठीही.

दाखल करतानाच हॉस्पिटलने एक भलंमोठं ‘क्लॉटिंग प्रोफाइल’ काढून मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवलं होतं. कोणा डॉक्टरने मागितलं नव्हतं, पॅकेजमध्येच होतं. वहिनी घरी आल्यावर रिपोर्ट आला. त्यात प्रोटीन एस नावाची एक गोष्ट कमी होती. हे प्रोटीन रक्ताला विनाकारण गोठू देत नाही. काही घराण्यांत ते जन्मापासून कमी असतं.

दादाने तो रिपोर्ट आईला वाचून दाखवला. त्याने नेमके तेवढेच शब्द पकडले, कमी आणि घराण्यात.

"म्हणजे माहेरचंच," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरू शकत नाही. गोळ्या तिने लांबवायला लावल्या होत्या, एसटीत पोतं तिने ठेवलं होतं, आणि आता देवाच्या कृपेने सगळं हाटकेशला जाऊन पडलं. "बघितलंस? रक्तात खोट असलेली पोर गळ्यात मारली आपल्या. पोरं पण तसलीच होतील."

मी म्हटलं, "आई, हा रिपोर्ट खरा मानायचाच नाही. गोळीने पण हे प्रोटीन कमी होतं. गुठळी झालेली असताना पण कमी दिसतं."

"रिपोर्ट खरा नाय? मग तू दिवसभर काय विकतेस?"

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंकडे मी दादाला ओढत नेलं. त्या तडक बोलल्या. "ही टेस्ट आत्ता कुणी काढली? गोळी अंगात होती, वर ताजी गुठळी. याला काही अर्थ नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या पूर्ण करा, त्या थांबल्यावर काही आठवडे जाऊ द्या, मग पुन्हा काढा. आणि मिस्टर, एक लक्षात ठेवा. ती टेस्ट नॉर्मल आली तरी गर्भनिरोधक गोळी हिला आयुष्यात द्यायची नाही. एकदा गुठळी झाली, विषय संपला."

दादा मान हलवत होता. घरी येऊन त्याने आईला सांगितलं, "डॉक्टर म्हणाली, पुन्हा टेस्ट करा." बाकी सगळं तो मीरा रोडलाच ठेवून आला होता. मी सांगायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, "तू गप."

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना वहिनीला पाळी आली. इतके महिने थोपवलेली, वर रक्त पातळ. ते थांबेना. चादरी भिजायच्या. घरात जागा ती किती, आईने तिला गॅलरीत चटई दिली. सुजलेला पाय घेऊन ती खाली बसून चादरी धूत होती आणि दादा गॅलरीचं दार लावून टीव्हीवर मॅच बघत होता. वास येतो म्हणाला. मी दिवसभर ज्या बेसिनवर उभी असते तिथे माणसाच्या अंगातून निघणारी प्रत्येक गोष्ट मी बघितली आहे. मला कधी मळमळलं नाही. त्या दिवशी त्या मॅचच्या आवाजाने मळमळलं. दार उघडून मी चादर वहिनीच्या हातातून घेतली आणि किचनच्या मोरीत, आईच्या समोर, धुतली. आईने सगळं किचन दोनदा पुसलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीला हाटकेशला सोडण्यात आलं. "विश्रांतीला." तिची बॅग जरा जास्तच मोठी भरली होती. आईने दादाला माझ्यासमोर सांगितलं, "पुढच्या टेस्टमध्ये पण खोट निघाली तर बघू. आपल्याला फसवलंय म्हणून बोलता येईल."

म्हणजे वहिनी नांदणार की नाही हे आता एका नळीवर ठरणार होतं. मला हे सांगताना आजही लाज वाटते. लाज त्यांची वाटते.

पावसाळा सुरू झाला तरी वहिनी माहेरीच होती. दादा मधून मधून जायचा, पाव्हण्यासारखा चहा पिऊन यायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबल्या, डॉक्टरबाईंनी सांगितलेले आठवडे गेले आणि मी तिला आमच्या लॅबमध्ये बोलावलं. दुसऱ्या कोणाच्या हातात तिचा हात द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. निळ्या टोपणाची नळी रेषेपर्यंत भरली पाहिजे, कमी भरली तर आतल्या औषधाचं प्रमाण चुकतं आणि रिपोर्टही. आमच्याकडे अर्ध्या भरलेल्या नळ्या सर्रास जात. कुरियरवाला त्या उन्हात स्कूटरच्या डिकीत टाकून चहा प्यायला बसायचा. मी रेषेपर्यंत भरली, मशीनमध्ये फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं केलं, गोठवलं, थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवून डबा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "भैया, सीधा जाने का. बीच में चाय पीया तो मैं समझेगी."

आमच्याकडे साफसफाईला मोरव्याच्या एक मावशी होत्या. त्यांनी हा सगळा खटाटोप बघितला आणि वहिनी गेल्यावर विचारलं, "कसली बिमारी हाय पोरीला?"

"बिमारी न्हाय मावशी. घरात घ्यायची का नाही ते बघतायत."

मावशींनी फडकं बादलीत आपटलं. "पोर हाय का म्हैस?" एवढंच बोलल्या आणि लादी पुसायला लागल्या.

रिपोर्ट नॉर्मल आला. सगळंच नॉर्मल. मी तो घरी आणला तेव्हा मला वाटलं होतं, आई निदान दोन मिनिटं गप्प बसेल. तिने लगेच पेढे मागवले. "बघ, मी म्हटलंच होतं, पोर चांगली आहे." मी माझ्या आईकडे बघतच राहिले. इतकं सफाईदार वळण एसटीचा ड्रायव्हरही घेत नाही.

रविवारी आई, दादा आणि मी हाटकेशला गेलो. वहिनीच्या आईने पोहे केले होते. वडील सुट्टीच्या दिवशीही कारखान्यातून आल्यासारखे दिसत, पॉलिशचा काळा रंग त्यांच्या नखांतून जातच नसे. वहिनी पायात डॉक्टरबाईंनी दिलेला घट्ट लांब मोजा घालून खुर्चीत बसली होती.

"रिपोर्ट चोख आला गो," आई म्हणाली. "काय खोट नाय. आता चल घरी. गणपती आले."

वहिनी हसली. माझ्याकडे बघून. मग आईने पेढ्याचा बॉक्स उघडला आणि पुढचं बोलली. "आणि यंदा तुझी तारीख परत गौरीवरच येतेय. मी हिशोब केलाय. रक्त चांगलं आहे म्हटल्यावर आता गोळ्यांना पण हरकत नाय. पाकीट आणून ठेवलंय मी."

मी ओरडलेच. "आई! डॉक्टरबाईंनी काय सांगितलं होतं? रिपोर्ट कसाही आला तरी गोळी नाही! दादा, तू होतास ना तिथे? बोल ना!"

दादा पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता.

"डॉक्टरीणबाईला काय जातंय बोलायला," आई म्हणाली. "तिच्या घरी गौर येते काय?"

वहिनीने पेढा हातात घेतला होता. तो तिने परत बॉक्समध्ये ठेवला. "आई, रिपोर्ट वाईट आला तेव्हा मला इथे आणून सोडलंत. चांगला आला तर गोळी द्यायला घरी नेताय. माझं रक्त नक्की कसं असायला पाहिजे होतं, ते तरी सांगा."

मग ती दादाकडे वळली. आवाज चढवला नाही. "अहो, मी येते. पण गोळी पुन्हा माझ्या तोंडात जाणार नाही. ना गौरीसाठी, ना तुमच्यासाठी. मूल नको असेल तर काय वापरायचं ते तुम्ही मेडिकलमधून आणा."

"शी!" दादा ताडकन उठला. "काय बोलतेस? सासरे बसलेत समोर!"

ते ‘शी’ माझ्या कानात अजून आहे. बायकोच्या मांडीपर्यंत शीर भरली तेव्हा हा माणूस शी म्हणाला नाही. गोळ्या सलग घालताना कोणी शी म्हटलं नाही. स्वतः दुकानात जाऊन चार शब्द बोलायचे म्हटल्यावर शी.

वहिनीचे वडील जन्मात जावयासमोर मोठ्याने बोलले नव्हते. ते म्हणाले, "जावईबापू, शी कसली त्यात? पोरीचा पाय बघितलात का तुम्ही एकदा तरी? मोजा काढल्यावर?"

दादाने पाय बघितला नव्हता. सगळ्या खोलीला ते कळलं. तो दाराकडे बघत उभा राहिला.

आम्ही वहिनीशिवाय परत आलो. पेढ्याचा बॉक्स आईने परत आणला. रिक्षात मांडीवर धरून बसली होती, झाकण नीट लावून. घरी आल्यावर ते पेढे तिनेच संपवले, वाया जातील म्हणून.

त्यानंतरचे दिवस घरात वाईट गेले. मी आईला एकदाच सांगितलं, की वहिनीला पुन्हा ती गोळी दिलीस तर डॉक्टरबाईंना मी घरी घेऊन येईन आणि जे काय झालं ते बिल्डिंगसमोर बोलेन. आई म्हणाली, "शिकवलं ते चुकलंच माझं." मी म्हटलं, "शिकवलं बाबांनी." मग आमचं बोलणं बंद. पण आईला खरी धास्ती माझी नव्हती, गावाची होती. गणपतीला सुनेशिवाय गेलो तर काकी विचारणार, सून कुठाय?

शेवटी दादा एकटा हाटकेशला गेला. हे मला वहिनीने नंतर सांगितलं, हसून हसून तिचं पोट दुखलं होतं. तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर काळी पिशवी घातलेलं पुडकं घेऊन आला आणि कुठे ठेवावं कळेना म्हणून सरळ सासऱ्यांच्या हातात दिलं. त्यांना वाटलं, फरसाण आहे. ते सोडायला लागले. वहिनीने ते ओढून घेतलं, आत जाऊन बघितलं आणि बॅग भरायला घेतली. दादा ही गोष्ट आता चारचौघांत वेगळ्या तऱ्हेने सांगतो, बायकोच्या तब्येतीसाठी त्याने काय काय केलं म्हणून. मित्र त्याची पाठ थोपटतात. मी तिथून उठून जाते.

आम्ही सगळे गावी गेलो. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे वहिनी प्रत्येक थांब्यावर उतरून चालली. पायाशी पोतं नव्हतं, ते मी माझ्याकडे घेतलं. आणि गौरीच्या दिवशी सकाळी वहिनीला पाळी आली, कारण ती येणारच होती. तिने ते लपवलं नाही. आईला, काकींसमोर, सांगितलं, "आई, मी बाहेर बसते. बाकीचं तुम्ही बघा."

काकी तोंडाला पदर लावून हसल्या. आईला चुलीपुढे एकटीने सगळा स्वयंपाक करावा लागला, भाजी, वडे, घावने. वहिनी पडवीत दुसऱ्या पाटावर पाय ठेवून बसली होती. मी तिच्या शेजारी बसले, मुद्दाम, अगदी टेकून. तिला शिवले म्हटल्यावर आज मला पण आत घेता येणार नव्हतं.

जेवणाच्या वेळी आई ताटं घेऊन आली. आमची दोन ताटं तिने उंबऱ्यावरूनच पुढे सरकवली, अंग चोरून, लुगड्याचा घोळ गोळा करून. वहिनीने पोटभर खाल्लं आणि आत हाक मारली, "आई, अजून एक घावन."

आई आली. तिने तो घावन हातभर उंचीवरून वहिनीच्या ताटात टाकला. वहिनीने त्याचे दोन तुकडे केले, एक माझ्या ताटात ठेवला आणि दुसरा नारळाच्या रसात बुडवून खायला लागली.